काटा टोचला तेव्हा

मेडशी,
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

चि. धम्मदीपा हिला तिच्या मोठ्या मायचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तुम्ही दोघंही तिकडे बरे असाल. पाकीट पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. हल्ली पत्र आलं की माणसं आधी खालची सही बघतात. सही बघून तू हे फाडणार असशील, तर एवढं कर, खोक्यातल्या फांद्यांना आधी पाण्याचा हात लावून सावलीत ठेव आणि मग फाड. त्यांनी तुझं काही वाईट केलेलं नाही.

फोन केला असता. पण नऊ वर्षांत तीनदा केला आणि तिन्ही वेळा तो वाजून वाजून गप्प झाला. शिवाय आमच्या घरात फोन म्हणजे भोंगा आहे. मला नीट ऐकू यावं म्हणून आमचा नरेंद्र स्पीकर लावून देतो आणि मग माझ्याआधी सूनच उत्तर देते. म्हटलं, पत्र बरं.

परवा तुझी आई कामरगावाहून बोलत होती. म्हणाली, दीपानं आणि रवीनं वाशीमला नव्या लेआउटात घर घेतलं, घर छान आहे, पण मागच्या बाजूला नुसता मुरूम, गवताची काडी उगवत नाही. मला राहवलं नाही. अगं, मुरूम म्हणजे काय वाईट जमीन झाली? आमच्या घरामागे विहिरीचा मलबा पडलेला तुला आठवत असेल. सगळे म्हणत होते, रस्त्यावर भर टाकायला देऊन टाका. मी देऊ दिला नाही. आशाताईचं काम सुटल्यापासून दोन वर्षं मी त्या ढिगाच्या मागे लागले आहे, आणि आता सकाळी दहाला तो ढीग पाहायला शाळेतल्या बाई पोरं घेऊन येतात. नरेंद्र त्याला रॉक गार्डन म्हणतो. तुझे मोठे बाबा त्याला "बेबीचे धोंडे" म्हणतात.

तर ऐक. धोंडा जमिनीवर ठेवायचा नसतो, पुरायचा असतो. तीनातले दोन भाग खाली, एक भाग वर, आणि जरा मागे कललेला, म्हणजे पाणी त्याच्या अंगावरून मागे मुळाशी जातं. फटीत मुरूम, रेती आणि मूठभर माती घाल. शेणखत अजिबात नको. लाड केले की ही झाडं नुसती पाल्यानं माजतात आणि फुलाच्या नावानं शंख. काळ्या मातीत तर पावसाळ्यात आठ दिवसांत त्यांची चटणी होते. झाड लावलं की बुंध्याभोवती बारीक गिट्टी पसरून दे, म्हणजे फांद्या ओल्या जमिनीला टेकत नाहीत.

खोक्यात तीन जाती आहेत. जाड पानांची ती ऑफिस टाइम, दहाला उघडते आणि तीनला मिटते. तू कचेरीत आहेस म्हणून सांगते, साहेबांपेक्षा वेळेची पक्की आहे. बारीक निळ्या फुलांची विष्णुक्रांता आपल्या मुरमाडात आपोआप येते आणि लोक तिच्यावर पाय देऊन जातात, पण धोंड्यांत लावली की सतरंजीसारखी पसरते. तिसरी पिवळी वेडेलिया. तिच्यावर नजर ठेव, ती पाहुणी म्हणून येते आणि घर बळकावते. फांद्या मी हातमोजे घालून बांधल्या आहेत, त्याची काळजी करू नकोस.

आणखी एक. पावसाळा संपला की ही गादी मधून विरळ होते. कडेनं हिरवीगार आणि मधे टक्कल. तेव्हा मधलं काढून टाकायचं आणि कडेचे तुकडे पुन्हा लावायचे. दिवाळीच्या आधल्या मंगळवारी मी तेच करत बसले होते, तर काय महाभारत झालं ते तुला सांगितलंच पाहिजे.

कोंबड्या उकरतात म्हणून मी फटींमध्ये बाभळीच्या काटेरी फांद्या खोचून ठेवते. मी वाकून उजव्या हातानं मुळं सोडवत होते, डावा हात धोंड्यावर टेकलेला. तेवढ्यात तुझे मोठे बाबा चहा घेऊन आले. मी वर बघते तर कप त्यांच्या हातातून सुटलेला आणि ते माझ्या डाव्या हाताकडे बोट दाखवताहेत. बघते तर हातावरून रक्ताची धार, करंगळीच्या खाली दोन भोकं, शेजारी शेजारी. ते ओरडले, "साप लागला इले! नरेंद्र, गाडी काढ!"

पुढचं तू डोळ्यांसमोर आण. चौदा वर्षं मी गावाला सांगितलं की साप चावला तर आवळून बांधायचं नाही, आणि माझाच नवरा माझ्या दंडाला दुपट्टा आवळतोय. मी त्यांना शिव्या घालतेय, नरेंद्रची पोरगी साक्षी रडतेय, अर्धी गल्ली मोटारसायकली काढून मागे. दवाखान्यातला डॉक्टर पोरगेलासा होता. त्यानं हात धुतला, उजेडात धरला आणि चिमट्यानं काट्याचं टोक बाहेर काढलं. बाभळीचे काटे जोडीनंच असतात ना. तो म्हणाला, "ताई, हा साप बाभळीचा आहे." सगळे खो खो हसले. तुझे मोठे बाबा तर बाहेर येऊन लोकांना सांगत होते की बायकोनं काट्याचा नायटा केला, जसं काही आरडाओरडा मीच केला होता.

मीही हसले. घरी येताना गाडीवर तो हात पदराखाली धरून बसले, सगळ्यांना वाटलं थकले असेन.

बाकी विशेष काही नाही. सोयाबीन निघालं. साक्षी आता चार वर्षांची झाली, बोलण्यात कोणाला ऐकत नाही. रिसोडकडचे पाहुणे तुला पाहायला आले होते त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. मला ते कौतुक वाटलं होतं, एवढंच म्हणते. अलीकडे उगाच भीती वाटत राहते. सापाचीच असेल.

फांद्या लाव. रवीला जय भीम सांग.

तुझी
मोठी माय


मेडशी,
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

चि. धम्मदीपा, सप्रेम जय भीम.

तुझं पाकीट शुक्रवारी मिळालं. पोस्टमन दारात म्हणाला, वाशीमहून आहे. नऊ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजूनही "म" ची गाठ तशीच सोडतेस.

एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ. "काटा टोचला तेव्हा दुखलं होतं का?" ना नमस्कार, ना सही. फांद्या लावल्या की नाही, तेही नाही.

तर हो, दुखलं होतं. चांगलं दुखलं होतं. बाभळीचा काटा तो, दुखल्याशिवाय कसा राहील? रात्रभर हात ठणकत होता, दुसऱ्या दिवशी मिरची वाटताना झोंबला, तिसऱ्या दिवशी सूज होती. मी तेव्हा कामाच्या नादात होते म्हणून लगेच लक्ष गेलं नाही. तुझा प्रश्न वाचून हसूच आलं. तू लहानपणापासून अशीच, कुठल्या कुठे नेतेस गोष्ट.

फांद्या लावल्या असतील तर आता पाणी कमी कर. थंडी सुरू झाली. इकडे सकाळी चांगलाच गारवा असतो, मी पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज शिवून घेतले आहेत. सून म्हणते, आई, दुपारी तरी एवढं कशाला? म्हटलं, म्हातारपणी थंडी वाजते. ऑफिस टाइमची फुलं थंडीत छोटी होतात, घाबरू नकोस, मुळं जिवंत असतात.

साक्षी माझ्यावर रुसली आहे. मी तिला हातानं भरवायचं बंद केलं. मोठी झाली, स्वतः खायला शिकलं पाहिजे. ती ताट पुढे सरकवून बसते आणि म्हणते, "मले आजीच्याच हातानं पाह्यजे." दोन दिवस जेवली नाही नीट. सुनेनं मला विचारलं की आमच्याकडून काही चुकलं का. मी तिच्यावर खेकसले. शिकवण लागते मुलांना, दुसरं काय.

तू असं का विचारलंस, ते मात्र मला कळलं नाही. परत असं काही लिहू नकोस. तुझं पत्र मी चुलीत टाकलं आहे.

हात आता बरा आहे.

तुझी
मोठी माय


मेडशी,
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

दीपा,

दुखलं नव्हतं.

हे दोन शब्द लिहायला मला पंधरा दिवस लागले. तुझं पत्र मी जाळलेलं नाही, धान्याच्या कोठीमागे ठेवलं आहे. सगळा गाव माझ्यामागे दवाखान्यात आला, डॉक्टरनं हात हातात घेतला, घरच्या माणसांनी चार दिवस ती गोष्ट हसून हसून सांगितली, आणि मला दुखलं का नाही, हे एकानंही विचारलं नाही. तू वाशीमला बसून विचारलंस. तेही बंद पाकिटात.

आता मी सरळ लिहिते, मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही. डाव्या कोपराच्या खाली चट्टा आहे. फिकट, तांबूस. त्याला खाज नाही, त्यावर घाम येत नाही, त्यावरची लव गेली आहे. मला तो गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून माहीत आहे. तेव्हा दाण्याएवढा होता, आता रुपयाच्या नाण्याहून मोठा झाला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर आहे. श्रावणात तव्याचा चटका लागून फोड आला, तो मला दुसऱ्या दिवशी भांडी घासताना दिसला. दुसऱ्या कोणा बाईनं एवढं सगळं लपवलं असतं तर मी तिच्या दारात उभी राहून तिला फैलावर घेतलं असतं. कुष्ठरोग आहे हा. मी चौदा वर्षं घरोघर जाऊन हेच शोधत होते, आणि दिव्याखाली अंधार.

रोज दुपारी सगळे पडले की मी मागे धोंड्यांत जाऊन बसते आणि बॉलपेनच्या टोकानं तपासते. डोळे मिटून. पण दीपा, ही परीक्षा स्वतःची स्वतःला घेता येत नाही. उजवा हात टोक टेकवतो, तर डोळे मिटले तरी कळतं की कुठे टेकवलं. मग मी मनाची समजूत घालते, कळलं की, म्हणजे काही नाही. आणि सकाळी उठल्यावर आधी बोटं सरळ करून बघते. लहानपणी बाजारात एक म्हातारा यायचा, त्याची बोटं वळलेली होती आणि तो वाटी दोन मनगटांत धरून पाणी प्यायचा. तो मला रोज आठवतो.

मला फार भीती वाटते. बारा महिने गोळ्या घेतल्या की रोग जातो, पहिल्या खुराकानंतर तो दुसऱ्याला लागत नाही, हे मला माहीत आहे. झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण चौदा वर्षं मी लोकांना जे सांगितलं ते मला पाठ होतं, पटलेलं नव्हतं. हे आता कळतंय, स्वतःवर आल्यावर.

बुधवारी ह्याच रोगाची घरोघरची तपासणी आली. आता माझ्या जागी निता आहे, तांड्यावरची, चांगली चुणचुणीत पोरगी. तिला हे काम मीच शिकवलं. तिनं नरेंद्रला तिच्या सोबतच्या माणसाकडे दिलं, सुनेला आत नेऊन पाहिलं, साक्षीची पाठ पाहिली, तुझ्या मोठ्या बाबांना सदरा काढायला लावला. मी खुर्चीवर बसले होते, पूर्ण बाह्यांचं ब्लाऊज घालून. म्हटलं, आता आपली पाळी. मी उठले, खरंच उठले होते. तर निता हसली आणि म्हणाली, "तुमाले काय तपासू ताई, तुमीच तं आमाले शिकवलं." आणि वहीत माझं नाव लिहून घेतलं.

मी तिला चहा विचारला.

जाताना तिनं दाराच्या चौकटीवर खडूनं खूण केली. ह्या घरातले सगळे तपासून झाले, अशी ती खूण. मी स्वतः हजारो दारांवर ती केली आहे. तीन दिवस त्या खुणेखालून मी आतबाहेर करत होते.

काल तुझे मोठे बाबा तहान लागली म्हणून स्वयंपाकघरात आले आणि कडेच्या फळीवरचा पेला उचलून पाणी प्यायला लागले. मी धावत जाऊन त्यांच्या हातातून तो हिसकला. पाणी अंगावर सांडलं त्यांच्या. ते बघतच राहिले. मी म्हटलं, मुंगी होती. ते म्हणाले, "मुंगी होती तं मुंगी होती. एवढी काहून धावून आली?"

तो पेला कुठला, ते आता सांगते. हे पत्र मी खरं तर त्यासाठी लिहितेय. बाकीचं सगळं त्याच्याआधी लिहिलं, कारण ते सोपं होतं.

तू विसाव्या वर्षी उन्हाळ्यात आमच्याकडे आली होतीस. पाठीवर खांद्यापाशी चट्टा. मी तुला मागे त्या मलब्याच्या ढिगावर नेलं, सपाट धोंड्यावर बसवलं आणि म्हटलं, डोळे मीट, पेन जिथे टेकेल तिथे बोट ठेव. आठवतं? तू हसत होतीस. थोड्या वेळानं म्हणालीस, "कर ना चालू, मोठी माय." मी तोवर पाच वेळा टेकवलं होतं.

त्या वर्षी तू गोळ्या न्यायला दर महिन्याला यायचीस. मी तुला सांगायचे, एकत्र जेव, एकत्र नीज, घाबरू नको, काही लागत नाही कोणाला. आणि भांड्यांवर नाव घालणारा गावात आला तेव्हा मी एका पेल्यावर तुझं नाव घालून घेतलं. "धम्मदीपा." तू किती खूश झालीस. आपल्या नावाचा पेला मोठ्या मायच्या घरी. तुझ्या आईलाही फोन करून सांगितलंस. दीपा, तो लाड नव्हता. तो पेला दुसऱ्या भांड्यांत मिसळू नये म्हणून नाव घातलं होतं. तू गेलीस की मी तो राखेनं वेगळा घासायचे आणि कडेच्या फळीवर पालथा ठेवायचे. तुला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. नऊ वर्षं तू बोलली नाहीस ते त्या पाहुण्यांमुळे, असं मी धरून चालले. पेल्यामुळे असेल, असा विचार मी मनात येऊच दिला नाही.

आता मी त्याच पेल्यानं पाणी पिते. ओठाशी नेला की तुझं नाव दिसतं.

आणि ते पाहुणे. तुझे गोळ्यांचे बारा महिने होऊन वर्ष झालं होतं. त्या मुलाच्या आईनं विचारलं, पोरगी कामाला कशी आहे. मला वाटलं, आता हिचं खरं कौतुक करावं. मी चारचौघांत म्हटलं, आमची पोरगी अशी शिस्तीची की बारा महिन्यांच्या गोळ्या एक दिवस न चुकवता खाल्ल्या. माझ्या वहीत तुझं नाव सगळ्यांत वर होतं, सगळ्या बायकांना मी तुझा दाखला द्यायचे. मला खरंच वाटलं की हे सांगण्यासारखं आहे. त्या बाईनं विचारलं, "कायच्या गोळ्या?" आणि मी सांगितलं. तिनं हातातला पोह्यांचा चमचा बशीत ठेवला. मग एकेकानं बशी खाली ठेवली. तू आतून पाण्याचा तांब्या घेऊन येत होतीस, दारातच थांबलीस. त्यानंतर तू माझ्याकडे कधी पाहिलं नाहीस.

मी कित्येक वर्षं म्हणत आले की मी वाईट हेतूनं बोलले नाही. नव्हतेच बोलले. पण ते ऐकून त्या बाईनं जे केलं, ते मी माझ्या घरात दोन वर्षं गुपचूप करतच होते, पेल्याच्या रूपानं. माझ्यात नि तिच्यात एवढाच फरक की तिनं तुझ्या तोंडावर केलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला खवखवायलाही एवढी वर्षं लागली.

पुढे रवीला तू स्वतः सगळं सांगून मग लग्न केलंस, असं तुझ्या आईकडून कळलं. तुझ्या लग्नाला मला बोलावणं नव्हतं, तेच बरोबर होतं. माफ कर असं मी लिहीत नाही, ते तू ठरव.

आज सकाळी मी एक काम केलं. ओलं फडकं घेतलं आणि दारावरची ती खडूची खूण पुसून टाकली. तुझे मोठे बाबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "काहून पुसून राह्यली?" मी म्हटलं, "चुकीची हाये. या घरातलं एक माणूस तपासायचं राह्यलं." ते माझ्याकडे पाहत राहिले, मग माझ्या बाहीकडे. किती समजलं त्यांना, माहीत नाही. उठून आत गेले, आणि फळीवरचा तो पेला घेऊन रांजणातलं पाणी प्यायले. मी ह्या वेळी हिसकला नाही. चौकट धरून उभी राहिले.

सोमवारी, एक तारखेला, मी आरोग्य केंद्रात जाणार आहे. तू आलीस तरी, नाही आलीस तरी. तिथे सगळे मला ओळखतात, मला ताई म्हणतात, माझ्यासाठी खुर्ची पुढे करतात. त्या खुर्चीची मला सगळ्यांत जास्त भीती वाटते. तेही निताप्रमाणे हसून म्हणतील, ताई, तुम्हाला काय होतंय. आणि मी तेवढ्यावर उठून घरी येईन. मी स्वतःला ओळखते. म्हणून आधी एकदा असं माणूस हवं आहे जे माझा मान ठेवणार नाही.

रविवारी, तीस तारखेला, येशील का? सकाळची एसटी धरलीस तर दहापर्यंत पोचशील, तेव्हा फुलं उघडलेली असतात. घरात येऊ नकोस हवं तर, चहा घेऊ नकोस. सरळ मागे ये. मी त्याच सपाट धोंड्यावर बसलेली असेन. त्याच्या भोवती आता विष्णुक्रांता पसरली आहे, तिच्यावर पाय पडला तरी चालेल, ती मरत नाही. पेन माझ्याकडे आहे. मी बाही वर करून डोळे मिटून घेईन. घाई करू नकोस. आणि दीपा, मी जर म्हणाले, "कर ना चालू," तर गप्प राहू नकोस. मी तेव्हा तुला लगेच सांगितलं नव्हतं, आधी पेनाचं टोपण लावत बसले होते. तू मला तिथल्या तिथे सांग.

वाट पाहते.

तुझी
तपासायची राहिलेली
मोठी माय